वाफ आल्याशिवाय शिटी नाही

आमच्या घरी कुकरचं झाकण लावलं की लगेच शिटी ठेवत नाहीत. आधी नळीतून वाफ येऊ द्यायची. ती फुसफुसत, अडखळत येते तोवर थांबायचं. सरळ, जोरात, न थांबता यायला लागली की मग शिटी. आईचा हा नियम इतका जुना आहे की मी त्याकडे नियम म्हणून कधी पाहिलंच नाही. तिची एक सवय, एवढंच. पुण्यात माझ्या फ्लॅटवर मी शिटी आधीच लावते आणि लॅपटॉप घेऊन मीटिंगला बसते. भात होतो. भात दोन्ही पद्धतींनी होतो, त्यामुळे फरक काय पडतो हा प्रश्न मला कधी पडला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तो पडला. तोवर चार हजारांवर बाटल्या फेकल्या गेल्या होत्या, आणि एका मुलीवर तिने न केलेल्या चुकीचा ठपका बसला होता. चूक माझी होती. ती कशी झाली ते मी अजून कुठे नीट सांगितलेलं नाही, म्हणून हे लिहितेय.

आई जळगाव जिल्ह्यातल्या एका छोट्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करते. पगाराच्या कागदावर ती ‘मदतनीस’ आहे. प्रत्यक्षात गेली चौदा वर्षं तिथली मीडिया रूम तिच्या हातात आहे. आमच्याकडे केळीची बाग लावायची तर आता बहुतेकजण जी-नाइनची टिश्यू कल्चर रोपं आणतात. मृगबाग असो की कांदेबाग, रोपाचा जन्म आधी अशा लॅबमध्ये काचेच्या बाटलीत झालेला असतो. केळीच्या कंदाचा शेंडा काढून तो जेलीसारख्या खाद्यावर ठेवतात, त्याला फुटवे येतात, फुटवे वेगळे करून पुन्हा नव्या बाटल्यांत, असं करत एकाची शेकडो रोपं होतात.

ते खाद्य म्हणजे मीडिया. मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशी वाढवण्यासाठी जी कृती दिली, तीच थोडाफार फरक करून आजही बहुतेक ठिकाणी वापरतात. क्षार, जीवनसत्त्वं, संप्रेरकं, घट्टपणासाठी अगार आणि लिटरमागे ३० ग्रॅम साखर. केळीला आवडतं तेच जिवाणूंना आणि बुरशीलाही आवडतं, आणि त्यांची वाढ केळीच्या कितीतरी पट वेगाने होते. बाटलीत एक जिवंत जिवाणू राहिला तरी आठवडाभरात बाटली त्याची होते. म्हणून रोप आत ठेवण्याआधी मीडिया पूर्ण निर्जंतुक व्हावा लागतो. हे काम ऑटोक्लेव्ह करतो.

ऑटोक्लेव्ह म्हणजे सोप्या भाषेत मोठा कुकर. नातंही खरंच तेच आहे. डेनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली घट्ट झाकणाचं, वाफेच्या दाबावर हाडंसुद्धा मऊ शिजवणारं भांडं लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखवलं. भांडं फुटू नये म्हणून त्याने सेफ्टी व्हॉल्व्हही काढला. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८७९ मध्ये, पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शार्ल शांबरलाँने त्याच कल्पनेतून निर्जंतुकीकरणाचं यंत्र बनवलं. कारण सरळ होतं. पाणी उघड्यावर कितीही उकळलं तरी १०० अंशांच्या वर जात नाही आणि काही जिवाणूंचे बीजाणू १०० अंशांना तासन् तास दाद देत नाहीत. भांडं बंद करून दाब वाढवला की वाफ १०० च्या वर जाते. दाबाच्या काट्यावर १५ पीएसआय म्हणजे १२१ अंश सेल्सिअस. तिथे १५ ते २० मिनिटं. जगभरातल्या प्रयोगशाळांत हा आकडा पाढ्यासारखा पाठ असतो.

आईलाही पाठ आहे. पण तिच्याकडे आकड्याच्या आधी आणि नंतर करायच्या गोष्टींची एक लांब यादी आहे, आणि ती सगळी यादी काही ना काही घडून तयार झालेली आहे.

तिच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग आहे. मी बारावीला होते तेव्हाचा. काटा शून्यावर आला होता, म्हणजे नियमाने झाकण उघडायला हरकत नव्हती. तिने उघडलं आणि लगेच अगारचा मोठा फ्लास्क उचलला. फ्लास्क जरा हलला आणि आतला मीडिया एकदम उसळून बाहेर आला. दाब उतरला तरी आतलं द्रव लगेच थंड होत नाही. ते शंभरच्या वर गेलेलं, वरून शांत दिसणारं असतं. नुसता धक्का लागला की एका क्षणात उकळतं. अगार तर चिकट, कातडीला धरून बसतो. तेव्हापासून तिचा नियम असा: द्रव असेल तर वाफ घाईने सोडायची नाही, दाब आपोआप उतरू द्यायचा. काटा शून्यावर आला तरी झाकण आपल्या तोंडापासून दूर, आधी फटीपुरतं उघडायचं. मग दहा मिनिटं काहीही उचलायचं नाही. जाड हातमोजे, तोंडावर पारदर्शक ढाल, पायात बंद चपला. हिरव्या प्लॅस्टिकच्या सँडल घालून आलेल्या नव्या मुलीला ती मीडिया रूमच्या दारातूनच परत पाठवते.

बाकीची यादी रोजची. सकाळी सगळ्यात आधी पाणी बघायचं. कॉइल पाण्याखाली पूर्ण बुडालेली हवी, नाहीतर ती जळते. पाणी बोअरचं नाही, शुद्ध केलेलं. बोअरच्या पाण्याने कॉइलवर क्षारांचा थर चढतो आणि मग तापायला दुप्पट वेळ लागतो. झाकणाची रबरी रिंग पुसून, बोट फिरवून तपासायची. चीर दिसली तर त्याच दिवशी बदलायची. बाटली दोन तृतीयांशच भरायची. झाकणं अर्धा फेरा सैल ठेवायची, नाहीतर काच फुटते आणि वाफही आत शिरत नाही. बाटल्यांत बोटभर अंतर. क्लोरीनचं ब्लीच लागलेली किंवा स्पिरिट असलेली वस्तू कधीच आत नाही. एकातून विषारी वायू निघतो, दुसरं पेट घेऊ शकतं. झाकणाचे पंखांसारखे कान असलेले नट गोल फिरत आवळायचे नाहीत, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळायचे म्हणजे झाकण सगळीकडून सारखं बसतं. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गळायला लागला तर त्याला तार बांधायची नाही, मशीन बंद ठेवून मेकॅनिकला बोलवायचं. ही तार तिने एकदा कुणीतरी बांधलेली पाहिली होती. त्या दिवशी ती मालकांशी पहिल्यांदा आवाज चढवून बोलली, असं ती सांगते. मालकांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात. भाऊ माणूस वाईट नाही. पण वाईट नसलेल्या माणसालाही कर्जाचा हप्ता असतो.

आणि या यादीत एक ओळ होती: वाफ यायला लागली की व्हॉल्व्ह दहा मिनिटं उघडाच ठेवायचा. सरळ वाफ येऊ द्यायची. मग बंद.

दिवाळीला मी घरी गेले होते. तेव्हा भाऊंनी विचारलं, “ताई, तुम्ही इंजिनिअर. आमच्या या मशीनला मोबाईलवर नाही का आणता येणार? सीझनला लोड वाढवायचेत.” मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी. कॉलेजनंतर सोल्डरिंग गनला हात लागला नव्हता. मला तो प्रश्न म्हणजे सुट्टीतला खाऊ वाटला. शिवाय आईच्या कामाच्या जागी काहीतरी करून दाखवायचं होतं, हेही खरं. तिच्या मैत्रिणींसमोर.

मी दोन दिवस स्टूल टाकून मीडिया रूममध्ये बसले आणि वहीत वेळा टिपल्या. तापायला चाळीस मिनिटं. मग दहा मिनिटं नुसती वाफ हवेत सोडणं. मग दाब चढणं, वीस मिनिटं थांबणं, थंड होणं. ऑफिसमध्ये आम्ही रोज हेच करतो: कुठे वेळ वाया जातोय ते शोधायचं आणि काढून टाकायचं. ती दहा मिनिटं मला लगेच दिसली. तापवलेली वाफ, म्हणजे पैसे देऊन घेतलेली वीज, आई खिडकीबाहेर सोडत होती.

“ही दहा मिनिटं कशासाठी?” मी विचारलं.

“हवा जाऊ द्यायला.”

“पण नंतर दाब पंधरावर जातोच ना?”

“जातो. पण आधी हवा जायला पाहिजे. मला पहिल्या मॅडमनी तसंच शिकवलंय.”

या उत्तरात मला कारण ऐकू आलं नाही, फक्त परंपरा ऐकू आली. मी प्रेशर सेन्सर लावला, एका छोट्या वाय-फाय बोर्डला जोडला आणि अॅप लिहिलं. अॅप सांगायचं: वाफ दिसताच व्हॉल्व्ह बंद करा. दाब १५ झाला की वीस मिनिटांचा काऊंटर आपोआप सुरू. शेजारी मोठ्या आकड्यांत तापमान. ते मी मोजत नव्हते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वाफेचं जे कोष्टक शिकले होते, त्यातून दाबावरून काढत होते. १५ पीएसआय, म्हणून १२१ अंश. वीस मिनिटं झाली की स्क्रीन हिरवा आणि मध्ये बरोबरची खूण. भाऊ खूश झाले. दिवसाला एक लोड वाढला. मी पुण्याला परत आले आणि ऑफिसात दोघातिघांना स्क्रीनशॉट दाखवले.

आईने एकदा फोनवर विचारलं होतं, “ते वाफेचं तेवढं पूर्वीसारखं ठेवायचं का गं?” मी मीटिंगच्या घाईत होते. म्हणाले, “आई, एकशे एकवीस दाखवतंय ना? मग झालं.” तिने पुन्हा विचारलं नाही.

जानेवारीत बाटल्या जायला लागल्या. लॅबमध्ये असंच म्हणतात, ‘बाटली गेली’. जेलीवर दुधाळ डाग, रोपाच्या बुंध्याशी बुळबुळीत कडं, मग पूर्ण बाटली धूसर. दहाला एक बाटली जाणं त्यांना नवीन नव्हतं. आता दहाला तीन जात होत्या. तेही ऐन सीझनला, जूनच्या रोपांची बुकिंगं झालेली असताना.

बाटली जाण्याची कारणं साधारण तीन. एक, केळीच्या पेशीतच लपून आलेला जिवाणू. दोन, हात: लॅमिनार फ्लोसमोर बसून चिमट्याने रोपं हलवणाऱ्या मुलींपैकी कुणाचा चिमटा नीट तापला नाही, कुणी बोलली, कुणाची बाही लागली. तीन, मीडिया. तिसरं कारण कुणाच्या मनातही आलं नाही. मीडियाचा प्रत्येक लोड अॅपवर हिरवा होता. भाऊंनी तारखेनुसार नोंदी काढल्या, सगळ्या माझ्याच अॅपमधून, आणि जास्तीत जास्त गेलेल्या बाटल्या एका मुलीच्या टेबलावरच्या निघाल्या. ती सगळ्यात वेगाने काम करायची, त्यामुळे नव्या बाटल्या सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तिच्याच टेबलावर जायच्या. हे कुणी मोजलं नाही. तिला आतल्या खोलीतून काढून बाहेर शेडनेटमध्ये पिशव्या भरायच्या कामावर टाकलं. रोज शंभर रुपयांनी कमी. वर सगळ्यांसमोर ‘हात धूत जा’ हे ऐकावं लागलं ते वेगळंच.

त्या शनिवारी सकाळी अकराला आईचा फोन आला. ती कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही.

“तुला एक फोटो टाकलाय. बघ.”

फोटोत कपाटावर ओळीने ठेवलेल्या बावीस बाटल्या होत्या. प्रत्येकीवर मार्करने तारीख आणि लोडचा नंबर. पूर्वी लॅबमध्ये नवा मीडिया चार दिवस तसाच ठेवायचे, खराब व्हायचा असेल तर रोप ठेवण्याआधीच कळावा म्हणून. लोड वाढले तशी जागा पुरेना, मग ते चार दिवसांवरून एक दिवसावर आलं. आईने मात्र जुन्या सवयीने प्रत्येक लोडमधल्या दोन बाटल्या बाजूला काढून कपाटावर ठेवणं चालू ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. अकरा लोड, बावीस बाटल्या. त्यातल्या सात धूसर होत्या.

“यांच्यात रोप नाही,” आई म्हणाली. “यांना कुणी चिमटा लावलेला नाही. झाकण उघडलेलं नाही. मग त्या पोरीच्या हाताचा काय संबंध?”

मी काहीच बोलले नाही. मग तिनेच हळू आवाजात विचारलं, “तुझं ते एकशे एकवीस कुठून येतं गं?”

संध्याकाळची गाडी पकडली. येताना कॉलेजच्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून कमाल तापमान धरून ठेवणारा थर्मामीटर मागून आणला. तापाचा थर्मामीटर असतो तसाच, फक्त मोठ्या तापमानाचा. रविवारी लॅब बंद असताना आम्ही दोघींनी तो पाण्याच्या एका बाटलीत घालून लोडच्या मधोमध ठेवला आणि माझ्या अॅपच्या सूचनांप्रमाणे मशीन चालवलं. वाफ दिसताच व्हॉल्व्ह बंद. दाब १५. स्क्रीनवर १२१. वीस मिनिटं, हिरवी खूण. थंड झाल्यावर, आईच्या नियमाने झाकण फटीपुरतं उघडून, दहा मिनिटं थांबून बाटली काढली. थर्मामीटर ११२ वर थांबला होता.

दुसऱ्यांदा आईच्या पद्धतीने केलं. वाफ आल्यावर दहा मिनिटं व्हॉल्व्ह उघडा. आधी वाफ अडखळत येत होती, थुंकल्यासारखी, मग तिचा आवाज बदलला, सरळ आणि एकसारखा झाला. आईने हाताने खूण केली: आता. थर्मामीटर १२१.

कारण अकरावीच्या पुस्तकात आहे. मिश्र वायूंचा एकूण दाब म्हणजे प्रत्येक वायूच्या आपापल्या दाबाची बेरीज, डाल्टनचा नियम. मशीनमध्ये हवा राहिली तर काट्यावरच्या दाबातला काही भाग त्या हवेचा असतो. काटा दोघांत फरक करत नाही. पण तापमान ठरतं ते एकट्या वाफेच्या वाट्याच्या दाबावरून. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकांत याचं एक जुनं कोष्टक असतं: १५ पीएसआयला सगळी हवा काढली तर १२१ अंश, अर्धी काढली तर ११२, अजिबात काढली नाही तर १००. माझं वाफेचं कोष्टक चुकीचं नव्हतं. ते फक्त शुद्ध वाफेचं होतं, आणि शुद्ध वाफ हवी असेल तर ती दहा मिनिटं लागतात.

आता वाटेल, नऊ अंशांनी काय होतं? इथे गणित क्रूर आहे. या चिवट बीजाणूंच्या बाबतीत तापमान दहा अंशांनी घसरलं की तितकेच मारायला साधारण दहापट वेळ लागतो. म्हणजे ११२ अंशांवरची माझी वीस मिनिटं ही १२१ वरच्या जेमतेम अडीच मिनिटांइतकी होती. शिवाय वाफ थंड काचेवर पाणी होऊन बसते तेव्हा ती प्रत्येक ग्रॅममागे पाचशेहून जास्त कॅलरी उष्णता तिथे सोडते. मारण्याचं खरं काम ही उष्णता करते. कोरड्या हवेला हे जमत नाही, म्हणूनच कोरड्या ओव्हनमध्ये काचेची भांडी निर्जंतुक करायला १६० अंशांवर दोन तास लागतात. बाटल्यांच्या मधे अडकलेली हवा म्हणजे वाफेच्या वाटेतली गोधडी.

त्या रात्री मी घरी जागीच होते. शोधत बसले, असं आधी कुणाचं झालंय का. झालं होतं, आणि तिथे बाटल्यांवर भागलं नव्हतं. इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात, डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात, १९७२ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटल्या शिरेतून दिल्या गेल्या. त्या बाटल्यांत जिवाणू वाढलेले होते. रुग्ण दगावले. क्लोदियर समितीने चौकशी केली. एक वर्षापूर्वी त्या बाटल्या कारखान्याच्या ज्या ऑटोक्लेव्हमधून गेल्या, त्याच्या तळाशी हवा अडकून राहिली होती आणि खालच्या बाटल्या तापल्याच नव्हत्या. चटका लावणारी गोष्ट ही, की तळाचं तापमान नोंदवणाऱ्या उपकरणाने ते चढत नसल्याचं दाखवलं होतं. ते उपकरणच बिघडलं असेल असं समजून दुसऱ्या काट्यांवर विश्वास ठेवला गेला. समितीच्या म्हणण्याचा एक रोख असाही होता की हे काम सोपं आहे, साधी यंत्रं आणि फारसं न शिकलेली माणसं थोड्याशा देखरेखीत करून टाकतील, असं समजलं जातं, आणि तिथेच धोका आहे.

ते वाचताना मला पगाराच्या कागदावरचा ‘मदतनीस’ हा शब्द आठवला. आमच्या लॅबमध्ये तर उलटं होतं. तापमान चढत नाहीये हे सांगणारं उपकरण म्हणजे माझी आई होती. तिने फोन करून विचारलंही होतं.

सोमवारी भाऊंना सगळं सांगितलं. दोन्ही थर्मामीटर वाचनं, बावीस बाटल्या. ते बराच वेळ बाटल्यांकडे बघत राहिले. त्या मुलीला आतल्या कामावर परत घेतलं आणि कापलेले पैसे दिले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. माझी बाजू एवढ्यावर भागण्यासारखी नव्हती. मी शेडनेटमध्ये तिच्याकडे गेले. ती कोकोपीटच्या पिशव्या भरत होती. चूक माझ्या अॅपची होती, तुझी नव्हती, असं म्हटलं. तिने हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, “काकू पंधरा दिवसांपासून हेच सांगत होत्या ना, ताई? मोबाईलवर आलं ते खरं, आम्ही बोललो ते खोटं.”

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. ती आता लॅबमध्येच आहे, भेटली की हसते, पण आधीसारखं थांबून बोलत नाही. त्यात गैर काही नाही.

दुरुस्तीचं सांगते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तापमान मोजणारा वेगळा सेन्सर बसवला. भांड्याला स्वतः भोक पाडलं नाही. दाबाच्या भांड्याला हौशी माणसाने हात लावायचा नसतो. बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून त्याच्या राखीव तोंडातून तो बसवून घेतला आणि दाबाचा काटाही तपासून घेतला. आता अॅप दाब आणि तापमान शेजारी शेजारी ठेवतं. दोघं कोष्टकाप्रमाणे जुळले नाहीत तर स्क्रीन लाल होतो आणि मोठ्या अक्षरांत लिहून येतं: हवा अडकली आहे. वीस मिनिटांचा काऊंटर तापमान १२१ झाल्यावरच सुरू होतो. आणि त्याआधी एक रकाना आहे जो कुठल्याही सेन्सरला भरता येत नाही: ‘सरळ वाफ किती वाजता सुरू झाली?’ मशीनसमोर उभ्या असलेल्या बाईने तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

ऑटोक्लेव्हची चिकटपट्टी असते, तापल्यावर तिच्यावर काळ्या रेषा उमटतात. पूर्वी मला वाटायचं की रेषा आल्या म्हणजे झालं. ती पट्टी एवढंच सांगते की वस्तू तापून आली. जिवाणू मेले की नाही ते तिला माहीत नसतं. ते विचारायचं तर जिवाणूंनाच विचारावं लागतं. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा एक जिवाणू आहे, उष्णतेला फार चिवट आणि माणसाला निरुपद्रवी. त्याच्या बीजाणूंची जांभळ्या द्रवातली छोटी कुपी मिळते. ती लोडच्या मधोमध, जिथे वाफ पोचणं सगळ्यात अवघड तिथे ठेवायची, नंतर उबदार पेटीत ठेवून बघायची. जांभळी राहिली तर बीजाणू मेले. पिवळी झाली तर जगले, म्हणजे तुमचा लोड गेला, स्क्रीन काहीही म्हणो. भाऊ आता अशा कुप्या मागवतात. नवा मीडिया पुन्हा चार दिवस थांबतो. दिवसाला वाढलेला एक लोड गेला.

ऑफिसात मी आजही वेळ वाचवायचीच कामं करते. पण कुणाचं तरी ‘वाया जाणारं’ पाऊल काढून टाकण्याआधी विचारते की हे पाऊल कुणी सुरू केलं आणि ते नसताना काय झालं होतं. उत्तर ‘तसंच शिकवलंय’ असं आलं तर आता थांबते. त्या वाक्यामागे कधी खरंच काही नसतं. कधी भाजलेला हात असतो.

मागे घरी गेले तेव्हा कपाटावर बघितलं. प्रत्येक लोडच्या दोन बाटल्या अजून ओळीत होत्या, मार्करने तारखा घातलेल्या.

“आता तापमानही मोजतोय, कुप्याही आहेत,” मी म्हणाले. “तरी यांची गरज आहे?”

“असू देत,” आई म्हणाली. “यांना काय खायला घालावं लागतं?”

दर शनिवारी ती मला त्या ओळीचा फोटो टाकते. खाली काही लिहीत नाही. मीही उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवून मोकळी होत नाही. फोटो मोठा करून एकेक बाटली बघते, आणि मग फोन करते.